सिंगापूरचे महादेव

अंबाजोगाईच्या बाजारपेठेत फ्रेमचं एक दुकान होतं. त्याच्या काचेमागे नंदीवर बसलेले महादेव-पार्वती टांगलेले असायचे, काळ्याभोर कागदावर सोनेरी रेघांचे, आणि खाली चिठ्ठी चिकटवलेली असायची: 'सिंगापूर फॉइल आर्ट'. ते महादेव माझ्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याशेजारी, इस्त्रीखालून निघायचे. सिंगापूर मी नकाशातसुद्धा धड पाहिलेलं नव्हतं. आता ते दुकानही राहिलं नाही आणि फ्रेमवाले शेठही मुलाकडे राहायला गेले, पण ती चिठ्ठी आठवली की माझं डोकं अजून तापतं. तापतं तर तापू दे. एकदा सगळं लिहून ठेवते.

माझं माहेर दिंद्रुडचं. वडिलांचं किराणा दुकान होतं. मुलगी म्हणून मला गल्ल्यावर कुणी बसवलं नाही, पण साखरेच्या पोत्यावर बसायला मनाई नव्हती. तिथं बसून मी भाव करणारी माणसं बघितली. कोण खरंच उठून जाणार आणि कोण पायरीपर्यंत जाऊन मागं वळणार, हे मला दहाव्या वर्षी त्याच्या पाठीवरून कळायचं. लग्न होऊन अंबाजोगाईला आले तेव्हा एवढंच शिक्षण पक्कं होतं. नवरा एका कॉलेजात कारकून. माणूस सरळ, सांगितलेल्या भावात वस्तू घेऊन येणारा. पहिल्या महिन्यातच मी त्यांची पिशवी काढून घेतली. पुढं गाठोडं काखेत मारून घरोघर साड्या विकल्या, फॉल-पिको केलं. मंडईत मी दिसले की भाजीवाल्या एकमेकींना खुणावायच्या. मला त्याचं वाईट वाटत नसे. फुकट काही मागितलं नाही, आणि कुणाला काही फुकट दिलंही नाही.

आमच्या मागच्या गल्लीत लग्नपत्रिका छापणारा छापखाना होता. पत्रिकेवरची सोनेरी अक्षरं एका पातळ बेगडावरून गरम ठशाने उठवत. बेगडाचं वापरून झालेलं रीळ बाहेर कचऱ्यात पडायचं. त्यात अक्षरांपुरतं सोनं निघून गेलेलं असायचं, म्हणजे 'चि.' आणि 'सौ. कां.' एवढ्या जागा आरपार दिसायच्या आणि बाकीचं सगळं सोनं शाबूत. एवढं चकचकीत सामान लोक टाकून देतात हे मला बघवलं नाही. महालक्ष्म्यांच्या आराशीला होईल म्हणून मी दोन रिळं घरी आणली. सुरकुत्या पडल्या होत्या. सरळ कराव्यात म्हणून टेबलावर बेगड पसरलं आणि वरून इस्त्री फिरवली. खाली नवऱ्याने ऑफिसातून आणलेलं झेरॉक्स परिपत्रक होतं, ते मी बघितलंच नाही.

बेगड उचललं तर परिपत्रक सोन्याचं झालेलं. 'विनापरवानगी गैरहजर राहिल्यास कारवाई करण्यात येईल' हे वाक्य असं झळकत होतं, की वाचून कुणालाही गैरहजर राहावंसं वाटलं असतं.

"अगं, हे काय करून ठेवलंस?" नवरा म्हणाला. "साहेबांची सहीसुद्धा सोन्याची झाली!"

"मग द्या नेऊन त्यांना. बढती देतील."

"उद्या फायलीला लावायचंय हे."

"लावा की. सगळ्या फायलीत तेवढं एकच उठून दिसेल."

ते दुसरी झेरॉक्स आणायला गेले आणि मी टेबलापाशी बसून राहिले. हे का झालं, ते मला समजून घ्यायचं होतं. पेनाने लिहिलेल्या कागदावर बेगड ठेवून इस्त्री फिरवली, सोनं चिकटलं नाही. वर्तमानपत्रावर फिरवली, नाही. झेरॉक्सवर फिरवली की लगेच चिकटायचं. झेरॉक्सची शाई उष्णतेने पुन्हा पातळ होते आणि सोनं धरते, हे मला कुणी सांगितलं नाही. मी तीन दिवस कागद जाळून ते शोधलं. नंतर कुणी 'तुमचं नशीब चांगलं' म्हणालं, की माझ्या डोळ्यांपुढे ते जळके कागद येतात.

मग चित्राच्या मागे लागले. खतांच्या दुकानाची एक दिनदर्शिका घरात होती, स्वस्तातली, एकाच रंगात छापलेली. त्यावर नुसत्या रेघांचे महादेव-पार्वती होते. मी बाजारातून काळा ड्रॉइंग पेपर घेतला, दिनदर्शिका घेतली आणि झेरॉक्सवाल्याकडे गेले.

"काळ्या कागदावर काळी झेरॉक्स?" तो माझ्याकडे बघत राहिला. "ताई, बरं हाय ना?"

"तुमी काढा."

"दिसणार काय त्याच्यात?"

"तुमाला दिसायची गरज न्हाई. काढा."

त्याने दहा काढल्या आणि हसत हसत हातात दिल्या. खरंच, काळ्यावर काळं, काही दिसत नव्हतं. उजेडात कागद तिरपा धरला तर तेवढी रेघ चमकायची. घरी येऊन मी बेगड ठेवलं, वर जुन्या धोतराचा तुकडा टाकला, इस्त्री दाबली. बेगड सोलताना आधी नंदीची शिंगं वर आली, मग पार्वतीच्या बांगड्या, मग जटा. पोरं शाळेत गेलेली, घरात कुणी नाही. मी एकटीच 'आगं माय' म्हणाले.

दहाच्या दहा केल्या. शेवटच्या वेळी माझं लक्ष खाली गेलं. नंदीच्या खुरांखाली सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं: 'सर्व प्रकारची खते व बी-बियाणे योग्य दरात मिळतील'. दिनदर्शिकेवरची जाहिरात तशीच उमटली होती. काळ्या कागदावर मला ती आधी दिसलीच नव्हती, आणि आता दहाही चित्रांवर युरियाच्या दुकानाचा पत्ता झळकत होता. दुसऱ्या कुणी ती चित्रं फेकली असती. मी तशीच फ्रेमच्या दुकानात नेली.

फ्रेमवाले शेठ म्हणजे जाड भिंगाचा चष्मा, कानात पेन्सिल, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता लाकडाच्या पट्टीकडे बघायची सवय. त्यांनी चित्र उजेडाला धरलं, नख लावून बघितलं. त्या नखावरूनच मला कळलं की माणूस घेणार.

"वैनी, हे कुठनं आणलं?"

"मी केलं."

"कशानं?"

"ते मी सांगणार न्हाई."

"खाली हे खताचं काय हाय?"

"ते राहू द्या. शेतकरी गिऱ्हाईक असलं तर त्याला दोन कामं एकदम होतील."

ते हसले. मग आम्ही अर्धा तास भांडलो, म्हणजे भाव ठरवला. मी दोनदा पायरी उतरले. दोन्ही वेळा त्यांनी हाक मारली. दहाही चित्रं तिथंच राहिली, आणि खरं सांगते, दोन आठवड्यांत ती जाहिरातीसकट विकली गेली. जाहिरातीबद्दल एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही. ही गोष्ट मी मुद्दाम सांगते आहे. नंतर याच माणसाने मला चित्रावर एक ओळ लिहू दिली नाही.

त्यानंतर वर्षभर माझी इस्त्री थंड झाली नाही. महादेव-पार्वती, गणपती, बाळकृष्ण, मोर. रेघा मी स्वतः काढायला शिकले. झेरॉक्सच्या काचेवर धुळीचा कण असला तर चित्रात सोन्याचा ठिपका येतो, म्हणून झेरॉक्सवाल्याची काच मी माझ्या पदराने पुसायची आणि तो चिडायचा. शेठ माल घेत होते, घाई करत होते, आणि मला वाटत होतं की गावात माझं काहीतरी दिसायला लागलं आहे.

मग एक दिवस काचेमागची चिठ्ठी बघितली.

तो काळच तसा होता. घरांवर डिशच्या छत्र्या उगवल्या होत्या, टीव्हीवर रोज नवीन साबण यायचा, आणि पेठेतल्या प्रत्येक दुकानात कशावर तरी 'इम्पोर्टेड' लिहिलेलं असायचं. इम्पोर्टेड छत्री, इम्पोर्टेड कंगवा. आमच्या शेजारणीने इम्पोर्टेड चमचे घेतले होते आणि पाहुणा आला की ती चमचा हातात देण्याआधी त्याची जन्मकथा सांगायची. पण चमच्याचं मला काही नव्हतं. हे महादेव माझे होते.

"शेठ, हे काय लिहिलंय?"

"कुठं?"

"ह्या चिठ्ठीवर. सिंगापूर."

"आं, ते. गिऱ्हाइकाला लागतं."

"महादेव सिंगापूरला कधी गेलते?"

"वैनी, तुमी चिडू नका. गिऱ्हाईक इचारतं, कुठला माल? मी म्हणलं आंबेजोगाईचा, तर ते म्हणतं, हातानं केलाय व्हय, मग कमी करा. मी म्हणलं सिंगापूरचा, तर खिशात हात घालतं. मी काय करू?"

"खरं सांगा."

"खरं सांगून माल पडून राहतो. तुमच्या घरी पडून राहू द्या मग."

हा माणूस चूक बोलत होता असं मला म्हणता येईना. पोत्यावर बसून मीही असंच बघितलं होतं. वडील हरभरा लातूरचा म्हणून विकायचे, तो शेजारच्या शेतातला असायचा. पण हरभऱ्याला राग येत नाही. मला आला. मी घरी येऊन त्या रागात भांडी इतकी जोरात घासली की नवऱ्याने रेडिओ बंद केला.

त्यातच लग्नसराई आली. आमच्याकडे लग्नात आहेर दिला की माईकवरून नाव पुकारतात: अमुक गावचे अमुक यांच्याकडून एक भेटवस्तू. फ्रेम द्यायची तर तिच्यावर देणाऱ्याचं नाव पाहिजेच. शेठने नावांच्या चिठ्ठ्या पाठवायला सुरुवात केली. 'सप्रेम भेट', त्याखाली काकांचं नाव, काकूंचं नाव, मुलांची नावं, गाव, तालुका. एका चिठ्ठीत तर सात नावं होती. बहुतेक सगळ्यांनी मिळून एकच आहेर केला होता. मी ती सगळी सुवाच्य अक्षरात लिहायची, झेरॉक्स काढायची आणि सोन्याने उठवायची. अर्ध्या जिल्ह्याची नावं मी माझ्या हाताने झळकवली. शिरूर कासारच्या एका मामाने नाव लहान आलं म्हणून चित्र परत पाठवलं. लहान! महादेवाच्या डोळ्यापेक्षा मोठं होतं ते.

त्या दिवशी मी शेठकडे गेले आणि सरळ मागणी ठेवली.

"खाली उजव्या कोपऱ्यात माझी एक ओळ पाहिजे. 'घरी बनविले, अंबाजोगाई' एवढंच. माझं नावसुद्धा नको."

शेठने पट्टीवरून नजर उचलली. "कावून?"

"कावून म्हंजी? मी केलंय म्हणून."

"वैनी, असं असतंय का कुठं? आहेर देणाऱ्याचं नाव असतं त्याच्यावर. करणाऱ्याचं कोण वाचतं?"

"खतवाल्याचं वाचलं ना? दहा घरांत खतवाला भिंतीवर लटकतोय. मी तेवढीबी न्हाई का?"

"ते चुकून झालतं."

"मग माझं मुद्दाम होऊ द्या."

"तुमचं गाव लिहिलं की माझी चिठ्ठी खोटी पडते. सिंगापूर म्हणून घेतलं आन् घरी नेऊन बघितलं तर खाली अंबाजोगाई. गिऱ्हाईक माझ्या दुकानात येऊन काच फोडंल."

"काच फोडू द्या. काचंचंच तर दुकान हाय तुमचं."

ते हसले नाहीत. मी भावात कमी करायला तयार झाले. हे मी आयुष्यात फार वेळा केलेलं नाही. मी म्हणाले, ह्या ओळीसाठी प्रत्येक चित्रामागे मी कमी घेते. ते नाही म्हणाले. अक्षर आणखी बारीक करते, मी म्हणाले. नाही. नंदीच्या गळ्यातल्या घंटेत लिहिते, कुणाला दिसणारसुद्धा नाही. त्यावर ते म्हणाले, "कुणाला दिसणार न्हाई तर मग लिहिता कशाला?" हरायला लागले की मी ओरडते. मी ओरडले. दुकानातली दोन गिऱ्हाइकं बाहेर गेली.

"ऱ्हाऊ द्या मग," मी म्हणाले. "माझा माल मी विकते."

"कुठं?"

"बाजारात."

"बसा," शेठ म्हणाले. "मेथीच्या आन् वांग्याच्या मधी जागा मिळंल तुमाला."

पायरी उतरताना मी पाठीमागे कान ठेवला होता. ह्या वेळी हाक आली नाही.

पुढच्या आठवडी बाजारात मी पोतं अंथरून बसले. वांगीवाल्या मावशीने सरकून जागा दिली आणि विचारलं, "बाई, हे कोणत्या भावानं किलो?" मी पंधरा चित्रं उभी केली. प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात सोनेरी ओळ: 'घरी बनविले, अंबाजोगाई'. ऊन पडलं की कोपरा चमकायचा. लोक थांबायचे, वाकायचे. मला वाटलं, झालं काम.

एक बाई थांबली. चाळिशीची, हिरवं लुगडं, कपाळावर भस्माची रेघ, गळ्यात आम्हां लिंगायतांसारखंच इष्टलिंग. हातातली पिशवी खाली ठेवून तिने महादेव उचलले. पिशवी खाली ठेवणारं गिऱ्हाईक घेतंच. मी मनातल्या मनात भाव थोडा वाढवला.

"कितीला?"

मी सांगितलं.

"डुप्लिकेटला एवढं?"

"कशाचं डुप्लिकेट?"

"त्या फ्रेमवाल्याकडं वरिजनल हाय. सिंगापूरचं. तुमी त्याचं बघून केलंय."

"आवं, ते बी मीच केलंय!"

"हं. आन् मी इमान चालवते."

वांगीवाली मावशी खदखदून हसली. मी त्या बाईला समजावलं. छापखाना, बेगड, झेरॉक्स, सगळं. ज्या गोष्टी मी शेठला वर्षभर सांगितल्या नाहीत त्या एका अनोळखी बाईला बाजारात ओरडून सांगितल्या. ती शांतपणे मान हलवत होती, गाडी सुटलेल्या माणसाची बडबड ऐकावी तशी.

"बरं, तुमी केलंय म्हणा," ती शेवटी म्हणाली. "पर वरिजनलवर तर काय लिहिलेलं नसतं. तुमच्यावर खाली घरी बनविलं लिहिलंय. तुमीच कबूल केलंय की. अर्ध्यात द्या."

ज्या ओळीसाठी मी दुकान सोडलं, तीच ओळ बोटाने दाखवून ती माझा भाव पाडत होती. आयुष्यभर मी लोकांच्या मालातल्या खोडी शोधून भाव पाडले. वांग्याला कीड, साडीला सुताची गाठ. माझ्या मालातली खोड म्हणजे माझं गाव निघालं. तोवर आणखी तीन बायका जमल्या होत्या आणि तिघीही 'अर्ध्यात' म्हणत होत्या. मावशीसुद्धा म्हणाली, "द्या की बाई, सकाळधरनं बोहनी न्हाई."

"थांबा इथंच," मी म्हणाले. "हालू नका कुणी."

पलीकडे लिंबाखाली परीट कोळशाची इस्त्री घेऊन बसायचा. मी त्याच्याकडून ती मागितली. तो देईना. मी त्याच्या पुढ्यात दोन चित्रं ठेवली आणि इस्त्री उचलून आणली. घरून आणलेल्या पाटावर काळा कागद ठेवला. माझ्या पिशवीत झेरॉक्स काढलेले कागद आणि बेगडाचे तुकडे असायचेच. वर बेगड, वर कापड. कोळशाची इस्त्री जड, बूड एका बाजूने जास्त तापलेलं, माझा हात तिला सरावलेला नव्हता. तरी दाबली. मोजून दाबली. मग उचलली आणि थांबले.

"आता काय?" हिरव्या लुगड्याची बाई म्हणाली.

"गार होऊ द्यायचं. गरम असताना सोललं की सोनं परत बेगडावर जातं."

सगळ्या वाकल्या. मी कोपऱ्यातून बेगड उचललं आणि सावकाश सोलत नेलं. काहीच नसलेल्या काळ्या कागदातून आधी शिंगं, मग बांगड्या, मग जटा. मागच्या बाईच्या कडेवरचं पोरसुद्धा मान लांब करून बघायला लागलं. मला वाटलं, आता म्हणतील. आता तरी म्हणतील.

"एवढंच?" ती बाई म्हणाली.

"म्हंजी?"

"इस्त्री फिरवली की झालं? आन् ह्याला एवढं पैशे? हे तर मीबी करीन."

मी तिच्याकडे बघितलं. मी नवा कागद पाटावर ठेवला, बेगड ठेवलं, कापड टाकलं आणि इस्त्रीची मूठ तिच्याकडे वळवली.

"करा."

"मी?"

"तुमीच म्हणला ना. करा."

तिने पदर खोचला. इस्त्री धरली, दाबली, आणि तवा ठेवल्यासारखी लगेच उचलली. मी सांगितलं, थांबा. पण तिला कुठला दम. तिने कोपरा धरून सर्रकन बेगड ओढलं. पार्वतीचा अर्धा चेहरा बेगडाबरोबर निघून आला. नंदीला एकच शिंग राहिलं. महादेवांच्या खांद्यावरचा सगळा साप गायब. मला अगदी बरं वाटलं. तोंडात शब्द तयार होते: बघितलं? आता अर्ध्यात मागा.

ती चित्राकडे बघत होती. उन्हात तिरपं धरलं, लांब धरलं. मग शेजारणीला कोपराने ढोसलं.

"बघ गं, मी केलं."

"लई भारी झालं की!" शेजारीण म्हणाली.

"इथं जरा उडालंय."

"उडू दे की. तुझ्या हातचं हाय."

"बाई," ती मला म्हणाली, "हे कितीला?"

मी काय ऐकते आहे ते मला कळेना. "ते बिघडलंय," मी म्हणाले. "हे घ्या, मी आत्ता केलेलं. अख्खं हाय. साप हाय. दोन्ही शिंगं हायत."

"न्हाई, ते तुमचं. मला हेच पाहिजे."

"ह्याला अर्धा चेहरा न्हाई!"

"असू द्या. भाव बोला."

मी पूर्ण भाव सांगितला. खोटं कशाला सांगू, थोडा चढवूनच सांगितला, तिने भांडावं म्हणून. तिने कमरेची पिशवी सोडली आणि एक शब्द न बोलता दिले. अर्ध्या तासापूर्वी अख्ख्या चित्रासाठी ही बाई माझ्याशी भांडत होती.

मी तिच्या हातातून चित्र मागून घेतलं. कोपऱ्यातली माझी ओळ तिने खेचताना अर्धी उडाली होती. 'घरी ब' एवढंच राहिलं होतं. मी पिशवीतून पिवळ्या शाईचं पेन काढलं आणि ओळ पुरी करायला वाकले.

तिने चित्र ओढून घेतलं.

"हां हां! काय करता?"

"नाव पुरं करते. माझं."

"तुमचं कावून?" तिला खरंच समजत नव्हतं, तिच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. लबाडी असती तर मी ओळखली असती. "मी केलंय ते. तुमी तर नुसत्या बसल्या होत्या."

वांगीवाली मावशी माझ्याकडे बघत होती. मी काहीतरी सणसणीत बोलेन म्हणून वाट बघत होती, कारण तिने मला मंडईत ऐकलेलं होतं. रेघा मी काढल्या, तीन दिवस मी कागद जाळले, बेगड माझं, पाट माझा. सगळं जिभेवर होतं. ती बाई चित्र पिशवीत घालत होती, कोथिंबिरीला लागू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून, इतक्या जपून की जणू ते अजून ओलं होतं. माझ्या एकाही अख्ख्या चित्राला कुणी असं गुंडाळलेलं मी बघितलं नव्हतं.

पेनाला टोपण लावलं.

ती गेली तशी तिच्या जागेवर तिची शेजारीण येऊन बसली, पाय दुमडून, बांगड्या मागं सारून. तिच्यामागे दुसरी. दोघींच्या मागे तिसरी, आणि परीट लांबून ओरडत होता, "ओ बाई, माझी इस्त्री!"

"मला मोर पाहिजे," शेजारीण म्हणाली. "आन् मी थांबीन. तिच्यासारखी घाई न्हाई करणार मी."

"सगळ्या असंच म्हणतात," मी म्हणाले. अजून चिडलेलीच होते. मोराचा कागद काढला, पाटावर सरळ केला, बेगड पसरलं. "आधी पदर बाजूला घ्या. इस्त्रीत निखारे हायत."